घरटी एक वाचक

मगदूम फौजदारांची राणी पान एक्केचाळीसवर मेली आणि वृंदा देशिंगकर रडली.

राणी ही कुत्री. पोलीस खात्यातून रीतसर निवृत्त झालेली, वास काढण्यात जिल्ह्यात पहिली, आणि निवृत्तीनंतरही रोज सकाळी मुख्यालयाच्या फाटकाशी जाऊन बसणारी. वृंदा ओट्याशी उभी होती. फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता. गालांवरून पाणी ओघळत असताना ती उद्यासाठी मटकी भिजवावी की मूग, याचा विचार करत होती. डोळे त्यांचं काम करत होते, ती तिचं.

मटकीचं नक्की होतंय तोवर फोन वाजला.

"वहिनी!" फौजदारांचा आवाज भरून आला होता. "एक्केचाळीसला रडलात बगा तुम्ही! ब्याऐंशी अंश! आत्ता आलं मला हितं. आमची मंडळी अठ्ठावीसच्या वर गेली न्हाई, आणि तिनं तर राणीला सोत्ता भाकरी घातलीय."

"फार छान लिहिलंय तुम्ही, अण्णासाहेब."

"लिहिलंय कसलं, पंचनामा केलाय. काळीज तुमचं मोठं, वहिनी."

वृंदानं डोळे ओढणीला पुसले आणि मटकी भिजत घातली.

हे अंश म्हणजे काय, ते सांगायला हवं. एके काळी पुस्तक काढायला प्रकाशक लागे, आणि प्रकाशकाला मिनतवाऱ्या लागत. मग सगळं ऑनलाइन झालं आणि ज्याच्याकडे फोन होता त्याचं पुस्तक निघालं. पुढे लिहायलाही यंत्र आलं, आणि ज्याला लिहायचं नव्हतं त्याचंही निघालं. शेवटी अभिप्रायही यंत्रच लिहू लागलं. यंत्रानं लिहिलेल्या पुस्तकाला यंत्रानं पाच तारे द्यायचे आणि ते पाहून माणसानं पुस्तक विकत घ्यायचं, असा मामला काही वर्षं चालला. मग माणसं पुस्तकं घेईनाशी झाली. तेव्हा 'वाचनवखार' या ऑनलाइन दुकानानं भावमान आणलं. तापमान जसं तापाचं, तसं भावमान वाचणाऱ्याचं.

त्यामागचं तत्त्व साधं होतं. हृदयाच्या दर ठोक्याला चेहऱ्यात रक्त चढतं, उतरतं, आणि त्यासरशी कातडीचा रंग किंचित बदलतो. आपल्याला तो दिसत नाही, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याला दिसतो. म्हणजे नाडी बघायला मनगट धरायला नको, समोर बसलं की झालं. शिवाय वाचताना नजर ओळीवरून सरकत जात नाही, उड्या मारत जाते. काही भिडलं की ती थबकते, मागे फिरते. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. भुवईच्या आतल्या टोकाशी एक बारीक स्नायू असतो. तो ठरवून हलवणं भल्याभल्यांना जमत नाही, पण वाईट वाटलं की आपोआप वर जातो. हे सगळं एकत्र करून, लाखो वाचकांच्या चेहऱ्यांवर शिकून तयार झालेलं यंत्र प्रत्येक पानाला शून्य ते शंभर अंशांमधला एक आकडा देई. चेहरा फोनच्या बाहेर जाणार नाही आणि तुमच्या घरातलं बोलणं आम्ही ऐकणार नाही, असं कंपनीनं लिहून दिलं होतं. कांदा चिरून काढलेलं पाणी यंत्र ओळखत असे, कारण कांद्यानं रडणाऱ्याची नाडी थंड असते. थोडक्यात, यंत्राला शरीर पक्कं कळत होतं. त्या शरीरात कोणी घरी आहे का, हे बघायची सोय तेवढी अजून निघाली नव्हती.

एखाद्या पुस्तकाचं एक पान एका जरी वाचकाकडून ऐंशीच्या वर गेलं की ते पुस्तक दुकानाच्या दर्शनी फळीवर चढे. नाहीतर मागे वखारीत. वखारीतलं पुस्तक अगदी नाव टाकून शोधलं तरी आधी दुसरीच पाच दाखवली जात. कुठल्या पानावर वाचक हेलावतो हेही लेखकाला आलेखातून दिसू लागल्यामुळे, गेल्या काही वर्षांत मराठी साहित्यात पान चाळीसच्या आसपास जेवढ्या गाई, आज्या आणि कुत्री दगावली तेवढी कुठल्याही साथीत दगावली नसतील.

यावर सांगलीनं काढलेला तोडगा सांगलीला शोभण्यासारखाच होता. भिशी. स्वतःची पुस्तकं स्वतः काढणारी डझनभर मंडळी एकत्र आली. दर महिन्याला एक चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्याचं पुस्तक बाकीच्यांनी कॅमेऱ्यासमोर बसून मनापासून वाचायचं. नियम एकच, घरटी एक वाचक. मंदाकिनी आवटी, म्हणजे मंदाताई, या भिशीच्या चालक. लोणच्यांच्या पुस्तकावरून त्या कौटुंबिक कादंबरीकडे वळल्या होत्या आणि दोन्हींत मीठ सढळ हातानं घालत.

देशिंगकरांच्या घरातला लेखक होता मुकुंद, वृंदाचा नवरा. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेला. सुरुवातीला वाचकही तोच होता. त्यानं मंदाताईंची कादंबरी शब्दन् शब्द वाचली आणि भावमान आलं तीन. मंदाताईंनी फोन करून विचारलं, "मुकुंदराव, कॅमेऱ्यावर बोट होतं का हो?" तेव्हापासून घरचा वाचक म्हणून वृंदा बसू लागली, आणि भिशीचं नशीब उघडलं.

वृंदाला रडू लवकर येतं, हे सासरी-माहेरी प्रसिद्ध होतं. परक्यांच्या लग्नात पाठवणीला ती मुलीच्या आईच्याही आधी सुरू होई. विमा कंपनीत नोकरीला असताना मृत्यूचे दावे तिच्या टेबलावर पाठवत नसत, कागद भिजतात म्हणून. भिशीत तर तिनं एकटीनं आठ पुस्तकं फळीवर चढवली होती. पहिल्या दोन-तीन पुस्तकांना ती खरंच रडली होती. नंतर केव्हातरी ते नळासारखं झालं. पान समोर आलं की यायचं, मिटलं की बंद.

एकदाच ती रडली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी निनाद गेला तेव्हा. एकुलता मुलगा, पुण्यात शिकायला होता, तापानं चार दिवसांत गेला. वृंदानं आल्यागेल्याला चहा दिला, कोणाला बिनसाखरेचा लागतो ते लक्षात ठेवलं, रिकामे कप मोजून आत नेले. शेजारच्या बायका दबक्या आवाजात म्हणाल्या, धक्का बसलाय, येईल हळूहळू. हळूहळू काही आलं नाही. मुकुंदही बोलला नाही. दोघांनी असं कधी ठरवलं नव्हतं, पण घरात ते नाव उच्चारायचं बंद झालं. दिवाणखान्यात फोटो होता. त्यावरची धूळ कधी हा पुशी, कधी ती.

*

मुकुंदच्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा मंदाताईंच्या घरी सगळ्यांच्या हातात भडंगाच्या बशा होत्या.

"उन्हाळी आवर्तन," मंदाताईंनी पुस्तकाचं नाव वाचलं आणि चष्मा वर केला. "हे प्रेमप्रकरण आहे का हो?"

"नाही. उन्हाळ्यात कालव्याला पाणी सोडतात, शेताशेताला पाळीनं, त्याला म्हणतात. माझ्या नोकरीच्या आठवणी आहेत."

"असू दे, असू दे. मी जाहिरातीचा मजकूर करूनच ठेवलाय. ऐका. 'कालव्याच्या काठावर फुललेली, काळजाला पाझर फोडणारी...'"

"पाझर नाही," मुकुंद म्हणाला. "सिमेंटचं अस्तरीकरण झाल्यावर पाझर थांबला. चौथं प्रकरण त्यावरच आहे."

मगदूम फौजदार भडंग बाजूला ठेवून गदगदून हसले. "साहेब, तुमचं पुस्तक म्हंजे आमच्या खात्यातलं स्टेशन डायरीचं पान हाय. पर काळजी कशाला? वहिनी हायेत की घरात!"

"तेच म्हणते," मंदाताई म्हणाल्या. "आपण इतरांनी चाचपडत बसायला नको. वृंदा एका बैठकीत चढवेल फळीवर. काय गं?"

वृंदा हसली. मुकुंद हसला नाही. तो तिच्याकडे बघत होता, आणि वृंदानं बघितल्यावर भडंगातले शेंगदाणे वेचू लागला.

फळीचं त्याला फारसं पडलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पुस्तक लिहीत असताना तो जेवणाच्या ताटावर रोज सगळं सांगे. कालव्याच्या दरवाजांची दुरुस्ती, ओढ्याखालून जाणारी मोरी, ठेकेदार कुठे पळून गेला ते. एके दिवशी तो खोलीतून बाहेर आला, "सहावं प्रकरण झालं," म्हणाला आणि फ्रिजला टेकून उभा राहिला. त्या प्रकरणाबद्दल ताटावर काही निघालं नाही. त्यावरूनच ते कशाबद्दल आहे हे तिला कळलं होतं. तोंडानं जे बोलता आलं नव्हतं ते त्यानं लिहून काढलं होतं, आणि त्याला एकच वाचक हवा होता. बाकी मराठी वाचकवर्ग आपला असलाच तर असावा.

*

तिनं ते सकाळी वाचायला घेतलं. मुकुंद बाजारात जाऊन येतो म्हणाला. पिशवी घरीच विसरून गेला.

पाच प्रकरणं पाण्यासारखी गेली, आणि सहावं आलं.

'निनाद यास गुरुवारी ताप भरला. वसतिगृहातील मुलांनी प्रथम घरगुती उपाय केले. शुक्रवारी रुग्णालयात दाखल करण्यात आले. आम्ही शनिवारी पोहोचलो. प्रकृती स्थिर असल्याचे सांगण्यात आले. सोमवारी पहाटे निधन झाले. याच सुमारास उन्हाळी आवर्तन संपून कालवा कोरडा पडला होता.'

वृंदानं पान उलटलं. पुढचं वाचलं. पुन्हा मागे आली, कारण मागे यायला हवं असं तिला वाटलं. सगळं बरोबर होतं. वार बरोबर होते. तिनं वाट पाहिली. डोळे उघडे, चेहरा कॅमेऱ्याच्या चौकटीत, उजेड पुरेसा. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. तिला जाणवलं ते एवढंच, की मांडीला मुंग्या आल्या आहेत.

शेवटचं पान झालं आणि फोननं सभ्य शब्दांत कळवलं: 'वाचन पूर्ण. ठळक परिणाम आढळला नाही.' सहाव्या प्रकरणाचं भावमान चार. मुकुंदला मंदाताईंच्या कादंबरीला आलं होतं त्याहून एकानं जास्त.

मुकुंद परत आला तो कोथिंबिरीच्या दोन जुड्या हातात धरून. आलेख त्याच्या फोनवर आधीच पोहोचला होता.

"वाचलंस?"

"हो."

"बरं."

"छान झालंय."

"हो. छपाईच्या चुका दोन-तीन राहिल्यात."

जेवताना तो कढी छान झाल्याचं म्हणाला. कढी फुटली होती.

दुपारी ती पाणी प्यायला उठली तेव्हा मुकुंद बाहेरच्या खोलीत पाठमोरा बसलेला होता. त्याच्या फोनवर तिचा आलेख होता, एक सरळ आडवी रेघ. तो दोन बोटांनी ती रेघ ताणून मोठी करत होता. आणखी मोठी. धरणाच्या भिंतीला केसाएवढी भेग शोधावी तसा तो तिच्यात कुठेतरी एखादा उंचवटा शोधत होता. वृंदा पाणी न पिताच परत फिरली.

*

"अगं, सगळ्यांची पुस्तकं चढवलीस आणि स्वतःच्या नवऱ्याचं वखारीत?" मंदाताईंचा फोन. "लोक विचारतायत मला. भांडलात का?"

"नाही हो. वाचलं मी."

"मग?"

"नाही आलं."

"काय नाही आलं?"

"रडू."

निनादच्या वेळी चहा प्यायला आलेल्यांत मंदाताईही होत्या. बिनसाखरेचा.

"बघ वृंदा," त्या एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, "एक पुनर्वाचन मिळतं प्रत्येकाला. आणि त्या मेल्या यंत्राला डोळे आहेत, कान नाहीत. कळतंय का मी काय म्हणते ते?"

"नाही."

"फौजदारांनी मागे प्रेमकविता काढल्या होत्या ना, त्या मी कशा वाचल्या असतील? डोळे कवितेवर, कानात माझ्या आईचं आवडतं भजन. सत्याहत्तर आले मला! फौजदार अजून मला नमस्कार करताना लाजतात. तू आपलं तुला जे लागू पडतं ते लाव कानात आणि बस. पाप नाही त्यात. नवऱ्यासाठीच करायचंय ना?"

वृंदानं फोन ठेवला. पाप आहे की नाही यावर विचार करावा असं तिला वाटलं, पण तिथेही काही उमटेना. डोळ्यांसमोर येत होती ती दोन बोटं.

मुकुंद पेन्शनरांच्या सभेला गेला होता. तिनं फोन टेबलावर उभा केला, सहावं प्रकरण उघडलं आणि कानात फौजदारांचं पुस्तक लावलं. ते त्यांनी स्वतःच्याच आवाजात वाचून ध्वनिमुद्रित केलं होतं, ठाणे अंमलदाराला ऐकवावं तशा सुरात. विमा कंपनीत शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या सुनेबद्दलच्या तक्रारी ऐकत तिनं हजारो प्रस्ताव तपासले होते. डोळे एका कामाला आणि कान दुसऱ्या, हे काही तिला नवं नव्हतं.

डोळे म्हणाले, 'शुक्रवारी रुग्णालयात दाखल करण्यात आले.' कान म्हणाले, 'सदर श्वान नेहमीप्रमाणे फाटकाशी हजर.' डोळे म्हणाले, 'प्रकृती स्थिर असल्याचे सांगण्यात आले.' कानात नवा शिपाई राणीला ओळखेना आणि तिला म्हणाला, 'ए, चल, घरी जा.' राणी उठली, चार पावलं गेली आणि पुन्हा येऊन बसली.

नळ सुटला. नाडी चढली, भुवया उचलल्या गेल्या, बाहुल्या मोठ्या झाल्या, सगळं अंग कामाला लागलं. आत वृंदा शांत बसली होती. ओळी संपत आल्या की पान उलटायचं, एवढं ती बघत होती.

पान चौसष्ट, एक्याण्णव अंश. 'हे पुस्तक दर्शनी फळीवर आले आहे. अभिनंदन!'

*

मुकुंद सभा अर्धी टाकून आला. पायांत चपला तशाच होत्या. दारात थांबला, धापा टाकत होता.

"चौसष्टला?" तो म्हणाला.

वृंदानं मान हलवली.

मुकुंद चपलांच्या स्टँडवरच बसला आणि रडू लागला. तीन अंशांचा माणूस. त्याला सवय नव्हती त्यामुळे ते नीट जमतही नव्हतं, खोकल्यासारखं येत होतं. वृंदानं पाण्याचा पेला आणून पुढे धरला. तो तिनं जरा जास्तच वेळ धरून ठेवला, कारण तो घेत नव्हता.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "मला वाटायचं तुझ्यात काही राहिलंच नाहीये. आणि मग वाटायचं की माझ्यामुळे. आणि विचारायचं तरी कसं?" त्यानं नाक पुसलं. "चौसष्टवर नेमकं कशानं गं? कुठल्या ओळीनं?"

इथे गप्प बसता आलं असतं. 'स्थिर' या शब्दानं, असं म्हणता आलं असतं, आणि ते त्याला जन्मभर पुरलं असतं. वृंदानं तोंड उघडलं ते तेवढं म्हणायलाच.

"राणीला शिपाई घरी जा म्हणाला ना, त्यानं," ती म्हणाली.

"कोण राणी?"

"फौजदारांची. कुत्री. कानात ते लावलं होतं मी. डोळे तुमच्या पानावर होते."

मुकुंदनं पेला घेतला. पाणी प्यायला. मग एकेक करून चपला काढल्या आणि स्टँडवर जोडीनं ठेवल्या. यात बराच वेळ गेला.

"यंत्राला कळलं नाही?" त्यानं विचारलं.

"नाही."

"म्हणजे रचनेतच गळती आहे."

"हो."

"का केलंस?"

"तुम्ही ती रेघ दोन बोटांनी ताणून बघत होतात."

तो रागावेल असं तिला वाटलं होतं, आणि रागावला तर बरं होईल असंही. तो उठून आतल्या खोलीत गेला. वृंदा चपलांकडे बघत उभी राहिली. थोड्या वेळानं तो छापील प्रत घेऊन बाहेर आला आणि जेवणाच्या टेबलापाशी बसला.

"पहिल्यांदा वाचलंस तेव्हा काय वाटलं? खरं सांग. चार अंश म्हणजे काय असतं?"

"काही नाही हो. वार बरोबर आहेत एवढं वाटलं."

"बस्स?"

"आणि..." तिनं खुर्ची ओढली. "तो कोण आहे, असं वाटलं."

"कोण?"

"तुम्ही लिहिलाय तो. 'शांत, अभ्यासू, सर्वांशी मिळून वागणारा.' कोणाचा मुलगा आहे तो?"

"पुस्तकात तसंच लिहितात, वृंदा."

"लिहीत असतील. पण मी त्याच्यासाठी कशाला रडू? मी त्याला ओळखतसुद्धा नाही."

मुकुंदनं ते पान काढून स्वतःशी वाचलं. ओठ हलत होते. "शांत होता तो," तो म्हणाला, पण त्यात दम नव्हता.

"निनाद?" नऊ वर्षांत तिनं ते नाव मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. ते नेहमीसारखंच उच्चारलं गेलं. "आणि पाचव्या प्रकरणात मोहित्यांच्या उसात पाणी कसं शिरलं लिहिलंय? 'कालव्याच्या वितरिकेचा दरवाजा तांत्रिक बिघाडामुळे आपोआप उघडला.'"

"अहवालात तसंच होतं."

"अहवाल तुम्हीच लिहिला होतात. तांत्रिक बिघाड सात वर्षांचा होता, आणि दोन्ही हातांनी दरवाजाच्या चाकाला लोंबकळत होता."

मुकुंदच्या तोंडाचा कोपरा हलला. "त्याच्यानं चाक फिरेल असं वाटलंच नव्हतं मला. गंजलेलं होतं."

"तुम्हीच आदल्या दिवशी तेल घालून घेतलं होतंत."

फोन वाजला. मंदाताई. वृंदानं उचलला आणि त्यांना अभिनंदन पुरं करू दिलं.

"मंदाताई, मी वाचन मागे घेतेय," ती म्हणाली.

"अगं, वेडी का काय? फळीवर आहे ते! आता कुठे लोक बघायला लागलेत!"

वृंदानं मुकुंदकडे पाहिलं. मुकुंद फोनकडे वाकला.

"दुरुस्तीसाठी बंद ठेवतोय," तो म्हणाला. "पाणी पुढच्या पाळीत सोडू."

तिनं बटण दाबलं. पुस्तक फळीवरून वखारीत गेलं. त्याचा आवाज वगैरे काही झाला नाही. तिचे डोळे कोरडेच होते. आत काही हललं का, हे तिनं चाचपून पाहिलं. सांगण्यासारखं काही नव्हतं. मुकुंदनं पेन्सिल शोधली आणि 'शांत'वर काट मारली. मग बराच वेळ ती काट बघत बसला.

"मग काय लिहू?"

"मोहिते काठी घेऊन धावत आले ते लिहा. आणि हा पळून गेला नाही ते. तिथेच उभा राहिला, चिखलात, आणि त्यांना म्हणाला, 'काका, तुमची पाळी आली.'"

"असं नाही म्हणाला तो. 'काका, पाणी आलं,' म्हणाला."

"'तुमची पाळी आली,' म्हणाला. तुमच्या तोंडून ऐकलेलं होतं त्यानं."

"मी होतो ना तिथे!"

"मीही होते," वृंदा म्हणाली. "तुम्ही जीपच्या मागे होतात. तुम्हाला कुठून ऐकू येणार?"